बाळ उठणारच, जागायचे कोणी?

तान्ह्या बाळाने रात्रीतून तीन-चारदा उठणे हा आजार नाही, खोड नाही आणि आईच्या हातून झालेली चूकही नाही. नवजात बाळ २४ तासांपैकी साधारण १४ ते १७ तास झोपते. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते, कारण त्याचे पोट लहान असते, आईचे दूध लवकर पचते आणि दिवस व रात्र यांतला फरक ओळखणारे शरीरातले घड्याळ जन्मतः लागलेले नसते. ते लयीत यायला दोन ते चार महिने जातात. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे दीड तासाचे असते, बाळाचे साधारण तासाभराचेच. आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप विरळ होऊन बाळ जागे होण्याची शक्यता असते. पुढे चौथ्या महिन्याच्या सुमारास झोपेची ठेवण बदलते, मग दात येतात, मग ते रांगू लागते, आई नजरेआड झाल्याचे त्याला कळू लागते, आणि दर वेळी जेमतेम रुळलेली रात्र पुन्हा विस्कटते. सहा महिन्यांनंतर, अगदी वर्षाचे होईपर्यंत, रात्री एक-दोनदा उठणारी बाळेही निरोगी बाळांतच मोडतात. ताप, श्वास घ्यायला त्रास, वजन न वाढणे, कळवळून सतत रडणे यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. पण जे बाळ अंग धरते आहे, दिवसा हसते-खेळते आहे आणि रात्री उठते आहे, त्याला काहीही झालेले नसते.

हे एकदा नीट मान्य केले की चर्चेचा रोख बदलावा लागतो. बाळाला रात्रभर झोपवावे कसे, हा प्रश्न मागे पडतो आणि त्याच्याबरोबर जागायचे कोणी, किती वेळ, आणि त्या जागरणाची भरपाई कोणी करायची, हा प्रश्न पुढे येतो. नागपुरातल्या बहुतेक घरांत या प्रश्नाचे उत्तर कोणी न विचारताच ठरून गेलेले आहे: जागायचे आईने. मला हे अन्यायाचे वाटते, आणि त्याहून अधिक, धोक्याचे वाटते. तान्ह्या बाळाचे जागरण हे एका बाईच्या सहनशक्तीवर सोडून देण्याचे काम नाही. ते घराने, नोकरी देणाऱ्याने आणि सार्वजनिक आरोग्यसेवेने वाटून घेण्याचे काम आहे.

झोप तुटण्याबद्दल आपल्याकडे फार सैल बोलले जाते. ‘होते हळूहळू सवय’, असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू धीर देण्याचाच असतो, परंतु सवय होत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी प्रौढांना सलग दोन आठवडे रोज सहा तासांहून अधिक झोपू दिले गेले नाही. शेवटी त्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग अख्खी रात्र जागलेल्या माणसांइतका ढासळला होता, आणि तरीही आपल्याला फारसे काही झालेले नाही असेच त्यांना वाटत होते. म्हणजे थकव्याबरोबर थकवा ओळखण्याची शक्तीही जाते. त्याआधी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले होते की सलग १७ तास जागलेल्या माणसाची कामातली चपळाई १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्याने गाडी चालवणाऱ्यासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. तुटक झोप आणि सलग जागरण या अगदी एकच गोष्टी नव्हेत, हे खरे. तरी महिनोन् महिने रात्री तीनदा उठणारे आईबाप सकाळी कोणत्या अवस्थेत दुचाकी काढतात याची कल्पना या आकड्यांवरून यावी. पहाटे वर्धा रोडने बुटीबोरीकडे आणि हिंगणा रोडने एमआयडीसीकडे पहिल्या शिफ्टला निघणाऱ्यांत असे बाप असतात, आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून नाईट ड्युटी करून घरी परतणाऱ्या परिचारिकांत अशा आया असतात. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला पकडायला चौकात नाकाबंदी असते. न झोपलेल्या माणसाला निदान घरात कोणीतरी ‘आज तू गाडी नको काढू’ म्हणणारे असावे.

घरातला धोका याहून जवळचा आहे. पहाटे साडेतीनला पाजता पाजता सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीशी घेऊन आईचा डोळा लागतो, आणि तान्ह्या बाळासाठी झोपण्याची हीच सर्वांत घातक जागा आहे. गादीची कड, उशी आणि आईचे अंग यांच्यामध्ये ते कसे सरकते हे कळतसुद्धा नाही. बाळाला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर, तोंडाजवळ उशी-गोधडी न ठेवता निजवावे, हे डॉक्टर सांगतात आणि ते सांगणे बरोबर आहे. पण हा सल्ला पाळायला जागे, शुद्धीवर असलेले माणूस लागते. थकव्याने कोसळणाऱ्या बाईला खबरदारीच्या सूचनांची यादी देणे आणि तिला झोप मात्र न देणे, यात मला काही अर्थ दिसत नाही.

मनाचेही तेच. भारतातल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यानुसार बाळंतपणानंतर नैराश्य येणाऱ्या मातांचे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे, म्हणजे पाचांत एकीहून अधिक. या नैराश्याची कारणे अनेक असतात: आधीचे मानसिक आजार, पैशाची ओढाताण, घरातली मारहाण, मुलगी झाली म्हणून मिळालेले टोमणे. परंतु तुटलेली झोप त्यांतल्या प्रत्येकाला बळ देते, आणि बाकीच्यांच्या तुलनेत हे एक कारण असे आहे की ते घरातले लोक उद्यापासून कमी करू शकतात. जिला बाळ झोपले असतानाही झोप लागत नाही, जिच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येतात, किंवा जी दोन-तीन रात्री अजिबात न झोपता विलक्षण उत्साहात, असंबद्ध बोलत वावरते आहे, तिला ‘आराम कर’ म्हणून भागत नाही. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे लागते. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आईच्या मोबाइलमध्ये असावाच, पण तिच्या नवऱ्याच्या आणि सासूच्या मोबाइलमध्ये आधी असावा, कारण ज्या बाईची अवस्था अशी होते तिला फोन उचलण्याचे सुचतेच असे नाही.

आपल्या समाजाला हे सगळे पूर्वी कळत नव्हते असे मी मुळीच म्हणणार नाही. माहेरी बाळंतपण आणि सव्वा महिन्याची विश्रांती ही आपली जुनी, समंजस व्यवस्था आहे. त्या दिवसांत बाळंतिणीने चुलीजवळ जायचे नाही, मालिशवाल्या बाईने येऊन दोघांना न्हाऊ-माखू घालायचे, शेक-शेगडी करायची, आणि न्हाऊन झाल्यावर बाळ आणि बाळंतीण दोघेही दुपारभर झोपायचे. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू लोकांच्या लक्षात राहतात. माझ्या मते त्या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग ही दुपारची झोप होती आणि रात्री बाळ उचलून नेणारी आजी होती. मात्र ही व्यवस्था सव्वा महिन्यावर, फार तर तीन महिन्यांवर थांबते, आणि बाळाचे उठणे थांबत नाही. माहेर गोंदियाला किंवा चंद्रपूरला, सासर काटोलला आणि राहणे बेसा-मनीषनगरच्या दोन खोल्यांत, अशी आजच्या पुष्कळ जोडप्यांची स्थिती आहे. शिवाय जी आजी रात्री बाळ घेईल अशी अपेक्षा असते ती स्वतः कुठेतरी नोकरीला असते, किंवा तिचेच गुडघे आणि रक्तदाब तिला रात्री उठू देत नाहीत.

त्या व्यवस्थेत एक दोषही होता, आणि तो आजच्या घोळाच्या मुळाशी आहे. तिने बापाला बाहेर ठेवले. तो बारशाला यायचा, बाळ पाहून जायचा आणि आयते तीन महिन्यांचे बाळ घरी आल्यावर ‘मला याला धरताच येत नाही’ म्हणायचा, ते खरेच असायचे. ज्या आठवड्यांत बाळाचे रडणे ओळखायला, लंगोट बदलायला, ढेकर काढायला शिकतात, ते आठवडे त्याच्या वाट्याला आलेच नाहीत. नंतर मग ‘ते आईलाच बरोबर जमते’ हा अनुभव निसर्गनियम म्हणून सांगितला जातो. बाळंतपण माहेरी करायला माझा विरोध नाही. पण नवऱ्याने तिथे आठवड्यातल्या दोन रात्री तरी राहावे आणि त्या रात्री बाळ त्याच्या हाती द्यावे, एवढी दुरुस्ती त्यात व्हायला हवी. जावयाला पाटावर बसवून पुरणपोळी वाढण्याइतकेच त्याला रात्री दोनला उठवणेही सासरच्या माणसांना जमले पाहिजे.

जिथे माणसे जागरण वाटून घेत नाहीत, तिथे बाळालाच गप्प करण्याचे उपाय निघतात. याचा इतिहास दुःखद आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूच्या ‘बाळागोळ्या’ देऊन कामावर जात, याची नोंद विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या कामगारविषयक अहवालांत आहे. त्या बायका निर्दय नव्हत्या. दहा-दहा तास साच्यांपुढे उभे राहायचे आणि रात्री पुन्हा जागायचे, यातून त्यांना सुटका नव्हती. आज अफू गेली, पण मागची गरज तशीच आहे, म्हणून गुटीत जायफळाचे वेढे वाढतात, सर्दी नसताना सर्दीचे औषध चमचाभर पाजले जाते कारण ‘त्याने छान झोपतो’, आणि पोट भरून झोपेल या आशेने तिसऱ्या महिन्यातच पातळ पेज सुरू होते. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, हा सल्ला प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला असतो. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत देऊच नये, कारण त्यातून लहान बाळांना होणारी विषबाधा जिवावर बेतू शकते. गुंगी आणणारे कोणतेही औषध झोपेसाठी म्हणून तान्ह्या बाळाला देणे हा गुन्हा मानावा इतके ते गंभीर आहे. पण मला त्या आईला दोष देववत नाही. तिच्या हातात चमचा आणि बाटली सोडून दुसरे काही दिले होते का, हे आधी पाहावे लागते.

बाळाला ठरावीक वेळी खाली ठेवून, थोडे रडू देऊन, आपले आपण झोपायला शिकवण्याच्या पद्धती आता शहरातल्या शिकलेल्या पालकांत चर्चेत असतात. सहा महिन्यांनंतर, शांतपणे आणि सौम्यपणे केल्यास त्यांनी रात्रीचे उठणे कमी होऊ शकते, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अशा मुलांत पाच वर्षांनंतरही काही अपाय आढळला नाही. ज्यांना त्या झेपतात त्यांनी वापराव्यात. मात्र त्यांसाठी स्वतंत्र खोली लागते, शेजारी भिंत ठोकणार नाही अशी इमारत लागते आणि ‘पोर रडून राहिलं अन् घेत नाही कोणी’ म्हणून धावत येणारी आजी नसावी लागते. इतवारी-महालातल्या वाड्यांत किंवा झोपडपट्टीतल्या एका खोलीत हा उपाय सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय.

आमच्या वस्तीत, मानेवाड्याच्या अंगाला, एक जोडपे राहते. नवरा बुटीबोरीच्या एका कारखान्यात फिरत्या शिफ्टमध्ये आहे. बायको शिवणकाम करते. बाळ आता पाच महिन्यांचे. सासूबाई उमरेडकडच्या, फारशा शिकलेल्या नाहीत. बाळ दोन महिन्यांचे असताना सून एका सकाळी दुधाचे पातेले गॅसवर ठेवून तिथेच भिंतीला टेकून झोपली, दूध उतू जाऊन गॅस विझला आणि वास घरभर पसरला. त्या दिवशी सासूबाईंनी मुलाला समोर बसवून विचारले, “ती दिवसभर पोराले पाहून राहिली, रात्रभर जागून राहिली, अन् तू मस्त घोरून राहिला?” त्यानंतर त्या घराने जी मांडणी केली ती मला फार शहाणपणाची वाटते. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात सून साडेनऊला बाळाला पाजून झोपते, आणि बारापर्यंत बाळ सासूबाईंकडे असते. नवरा पावणेबाराला येतो, अंघोळ करून जेवतो आणि बाळ ताब्यात घेतो. एकच्या सुमारास ते उठते तेव्हा फ्रिजमध्ये स्टीलच्या वाटीत झाकून ठेवलेले आईचेच दूध तो कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी धरून गरम करतो आणि वाटी-चमच्याने पाजतो. पहिल्या काही रात्री निम्मे दूध बाळाच्या गळ्याखालच्या रुमालात जायचे. आता थेंब सांडत नाही. मग बाळाला खांद्यावर घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारापासून गॅलरीपर्यंत येरझाऱ्या घालतो, कूलरची मोटर घरघरत असते, आणि अडीच-तीनला तो बायकोला उठवून स्वतः झोपतो, कारण त्याची ड्युटी दुपारी तीनला असते. तोवर तिची पाच तास सलग झोप झालेली असते. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात हे सारे उलटे होते: संध्याकाळी सात ते अकरा बाळ बापाकडे. कोणत्या आठवड्यात कोणाचे कोणते तास, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने लिहिलेले असते. बाळ आजही रात्रीतून तीनदा उठते. तीन महिन्यांपूर्वी त्या घरात जी चिडचिड आणि रडारड होती ती मात्र उरलेली नाही.

‘दूध तर आईच पाजणार, मग बाकीच्यांनी जागून काय उपयोग?’ हा नेहमीचा आक्षेप या घराने निकालात काढला आहे. रात्रीच्या एका उठण्यात प्रत्यक्ष पाजण्याचा वेळ फार तर वीस मिनिटांचा असतो. त्याआधी बाळ उचलणे, लंगोट बदलणे, त्यानंतर ढेकर काढणे आणि पुन्हा झोप लागेपर्यंत थोपटणे यातच खरा वेळ जातो, आणि हे करायला बाईचे शरीर लागत नाही. ज्यांना दूध काढून ठेवायचे आहे त्यांनी पहिले काही आठवडे, दूध नीट सुरू होऊन टिकेपर्यंत, थांबावे, कारण रात्रीच्या पाजण्याने दूध टिकून राहायला मोठी मदत होते. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास चांगले राहते, असे सांगितले जाते. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये ती सवलत विसरावी आणि दूध काढताच फ्रिजमध्ये ठेवावे, तिथे ते चार दिवस राहते. घरात तीन माणसे असोत वा दोन, आईला रात्रीचा एक चार-पाच तासांचा सलग तुकडा मिळालाच पाहिजे, हे घराने आधी ठरवावे आणि बाकीची रात्र त्याभोवती बसवावी. एकूण तास सारखे असले तरी सलग झोप आणि चार जागी तुटलेली झोप यांत फार अंतर आहे. गाढ झोपेचा मोठा वाटा झोपेच्या सुरुवातीच्या तासांत येतो आणि प्रत्येक व्यत्ययाने तोच कापला जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पुरुषाला सकाळी कामावर जायचे असते, यंत्रापुढे उभे राहायचे असते, त्याची झोप मोडली तर घराची भाकरी मोडेल. हे म्हणणे मी हलके मानत नाही, आणि म्हणूनच वर दुचाकीचा मुद्दा मांडला. परंतु या युक्तिवादात आईच्या दिवसाला काम मानलेलेच नसते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुळात असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच चारात एकाच्या आसपास होते. जर्मनीत हजारो पालकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून दिसले की बाळ जन्मल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आयांची झोप रोज सरासरी एका तासाने घटली आणि बापांची पंधरा मिनिटांनी. तिथे बापांना रजा मिळते, घरे मोठी आहेत, तरी हे अंतर. गॅसची शेगडी, उकळते तेल, पाण्याने भरलेली बादली आणि रांगते बाळ यांच्यामध्ये दिवसभर जागे राहणारी बाईही यंत्रापुढेच उभी असते. दोघांनाही झोप हवी, म्हणूनच वाटणी हवी.

‘आमच्या आईने पाच मुले वाढवली, तिने कधी तक्रार केली नाही’, हेही ऐकू येते. त्या आईच्या घरात आत्या होती, जाऊ होती, आणि बहुधा नऊ-दहा वर्षांची एक थोरली मुलगी होती, जी धाकट्याला कडेवर घेऊन शाळा बुडवत होती. जागरण तेव्हाही वाटलेले होते. कोणाकोणावर वाटले होते हे मात्र आपण सांगत नाही.

घर कितीही शहाणे असले तरी काही गोष्टी त्याच्या हातात नसतात, आणि इथे कायद्याकडे यावे लागते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि लोकांचे कल्याण ही मुख्यतः शासनाची जबाबदारी असल्याने त्याचा भार बऱ्याच अंशी शासनाने उचलला पाहिजे. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये तो कायदा झाला, आणि नागपूर ज्याची राजधानी होते त्या मध्य प्रांतातही १९३० मध्ये तसा कायदा झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. हे मोठे पाऊल होते, यात शंका नाही. तरी त्या २६ आठवड्यांतले आठ आठवड्यांपर्यंतचे दिवस बाळंतपणाआधीच वापरले जाऊ शकतात, आणि ज्या सुमारास रजा संपते त्या सुमारास बाळाचे दात येऊ लागलेले असतात. धुणी-भांडी करणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या, घरी बसून शिलाई करणाऱ्या बाईपर्यंत तर ही रजा पोहोचतच नाही. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात, ज्यातून महिना-दीड महिना निघाला तर निघाला.

बापाचे तर नावच नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी कारखान्याने किंवा दुकानाने ती द्यावी असे कोणताही कायदा सांगत नाही. मिहान या नागपूरच्या उद्योग-वसाहतीतल्या काही मोठ्या कंपन्या आपल्या धोरणाने देत असतील, पण बुटीबोरीच्या कंत्राटी कामगाराला बाळंतपणासाठी मिळालेली सुट्टी म्हणजे कापलेली रोजी असते. ही रजा कायद्याने सर्वांना मिळायला हवी, आणि कायदा होईपर्यंत कारखानदारांच्या संघटनांनी एक गोष्ट लगेच करावी, जिला जवळजवळ खर्च येत नाही: घरात सहा महिन्यांच्या आतले बाळ असलेल्या कामगाराला, पुरुष असो वा स्त्री, शिफ्ट निवडू द्यावी आणि आठवड्याला शिफ्ट फिरवू नये. घरातली वाटणी तेव्हाच टिकते, जेव्हा कामाचे तास टिकतात. क्रेन, फोर्कलिफ्ट, प्रेस अशा यंत्रांवरून अशा माणसाला काही काळ बाजूला ठेवणे हे तर कारखान्याच्याच फायद्याचे आहे.

शहरानेही थोडे ऐकावे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना मनाई आणि निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा हा २००० सालापासूनचा नियम आहे. लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या आसपासच्या गल्ल्यांत त्याचे काय होते हे नागपूरकरांना माहीत आहे. तासभर थोपटून झोपवलेले बाळ साडेअकराच्या डीजेने उठते, तेव्हा त्या घराची रात्र जाते, आणि तक्रार करणारा शेजाऱ्यांच्या आनंदाचा शत्रू ठरतो.

सर्वांत जवळचा आणि स्वस्त बदल आरोग्यसेवेत करता येण्यासारखा आहे, आणि त्यासाठी विदर्भाला बाहेर पाहण्याची गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या साध्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये जगापुढे आले आणि २०११ पासून ती देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत राबवली जाते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जाते, आणि २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी आहेत. या भेटींचा भर बाळाचे वजन, तापमान, श्वास, पाजणे आणि आईचा ताप, रक्तस्राव यांवर असतो, आणि तो योग्यच आहे. त्यांत दोन प्रश्न वाढवावेत: काल रात्री सलग किती तास झोपलात, आणि रात्री बाळाला दुसरे कोण घेते. पहिल्याचे उत्तर सलग काही आठवडे तीन तासांखाली असेल आणि दुसऱ्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असेल, तर ती बाई जोखमीची समजून तिच्या मनःस्थितीची दहा प्रश्नांची साधी चाचणी, जी जगभर १९८७ पासून वापरात आहे, तिथेच करावी. अर्थात आशाताईच्या डोक्यावर आधीच कामांचा ढीग आहे आणि मोबदला तुटपुंजा. वाढीव कामाचा वाढीव मोबदला तिला मिळालाच पाहिजे, नाहीतर एका बाईचे जागरण कमी करण्यासाठी दुसऱ्या बाईची दुपार घेतल्यासारखे होईल.

आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीच्या दिवशी, डागा रुग्णालयात असो, महापालिकेच्या दवाखान्यात असो वा धरमपेठेतल्या खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे असो, डॉक्टरांनी बाहेर दुचाकीजवळ उभ्या असलेल्या बापाला आत बोलवावे. लस टोचताना बाळ त्याच्या मांडीवर असावे. रात्री ताप आला तर औषध किती आणि केव्हा द्यायचे, हे त्याला समजावून सांगावे आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावे. कारण त्या रात्री बाळ नक्की उठणार असते, आणि त्या रात्री तरी जागायची पाळी त्याची असावी, हे डॉक्टरांनी तोंडाने सांगितले तर घरात ते ऐकले जाते.